बेसूर ढावलो

सरांना चहा विचारायची सोय नव्हती.

"सर, चहा ठेवू?" म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "कोणासाठी?"

आता कोणासाठी असणार, बाप्पा! खोलीत मी, ते आणि भिंतीवरची पाल. तरी ते उत्तराची वाट बघत बसायचे. "तुमच्यासाठी," असं मी दातओठ खाऊन म्हटलं की खूश व्हायचे. "मग ठेव. तुझ्यासाठी असता तर मी ठेवला असता." आणि खोटं नाही सांगत, मला चहा हवा असला की हा साठी उलटलेला माणूस स्वतः उठून स्टोव्ह पेटवायचा. चहा इतका भिकार करायचे की पुढेपुढे मी तहानेनं मरत असले तरी "मले नको" म्हणायला शिकले.

हा "कोणासाठी" आणि त्याचा भाऊ "कोणाला" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर कायमचे बसलेले. शाळेतले मास्तर सांगायचे, "हे पोट्टं लय त्रास देते." सर विचारायचे, "कोणाला?" एखाद्या मुलीची आई सांगायची, "पोरीचं अभ्यासात मन नाही." सर म्हणायचे, "अभ्यास कोणासाठी आहे?" आई बिचारी माझ्याकडे बघायची. मी डोळ्यांनीच सांगायची की माणूस चांगला आहे, जरा धीर धरा.

वाशिमला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं काम चालायचं. मुलांच्या मनाच्या आजारांवर संशोधन होतं ते. गावोगावच्या शाळांत जायचं, ठरलेल्या प्रश्नांवरून मुलं मनानं कशी आहेत ते तपासायचं आणि ज्याला गरज असेल त्याला उपचारापर्यंत पोचवायचं. सर मानसोपचाराचे मोठे डॉक्टर, पुण्याहून आलेले, या कामाचे मुख्य. मी समुपदेशक. तिसरा आमचा ड्रायव्हर. बाकी माणसं यायची जायची.

सर कोणालाच नावानं हाक मारत नसत. मी इंझोरीची, म्हणून मी "इंझोरी". ड्रायव्हर मालेगावचा, तो "मालेगाव". एकदा वरच्या कार्यालयातून एक साहेब तपासणीला आले होते. त्यांच्यासमोर सर मला विचारतात, "इंझोरी, मालेगाव कुठं गेलं?" मी म्हटलं, "टपरीवर गेलं, सर." "परत कधी येईल?" "तंबाखूचा खर्रा घोटून झाला की येते." साहेबांनी हातातली फाईल खाली ठेवली आणि बराच वेळ आमच्याकडे पाहतच राहिले.

मुलांना ते पेशंट म्हणत नसत, पाहुणा म्हणत. "आज पाहुणे किती?" आणि पाहुणा जमिनीवर बसला तर सर खुर्चीवर बसणार नाहीत. धपकन खाली बसायचे. बसणं सोपं होतं हो, उठवणं अवघड. पोट मोठं, गुडघे गेलेले. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मालेगाव, आणि "हं, उचला" म्हणून सर. कितीतरी मुलांनी डॉक्टरांसमोर तोंड उघडलं ते याच उचलाउचलीला हसता हसता. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी फुटाणे असायचे. सही करायची वेळ आली की जिल्हा धुंडाळून पेन आणावं लागायचं.

आमची प्रश्नावली परदेशातून आली होती. दिल्लीला हिंदी होऊन, पुण्याला मराठी होऊन, मग वाशिमला उतरली होती. सर तिला "बाईसाहेब" म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "मुलांना विचारायच्या आधी तुम्ही भरा. स्वतःच्या लहानपणाबद्दल भरा."

पहिलाच प्रश्न, मूल स्वतःच्या खोलीत एकटं झोपायला घाबरतं का?

मी म्हटलं, "सर, आमच्या घरी सगळे एकाच खोलीत झोपत. पाय सरळ केला तं दुसऱ्याच्या तोंडात जाये. एकटं झोपाले जागा कोठी होती?"

पुढचा प्रश्न, मोठ्यांशी बोलताना डोळ्याला डोळा भिडवतं का? मालेगाव म्हणाला, "भिडवला असता तं बापानं डोया फोडला असता माहा."

समोर नसलेल्या माणसाशी बोलतं का? त्यावर मालेगावच म्हणाला, "माही आजी मेलेल्या आज्याले रोज सकाऊन शिव्या देते. मोठ्यानं. तिले भरती करा लागते का?"

संध्याकाळी गुण मोजले तर आम्ही सगळेच्या सगळे आजारी निघालो. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी खिसा उलटा करून सगळे फुटाणे वाटून टाकले. म्हणाले, "बाईसाहेबांना आधी चार दिवस इथे राहू दे. लोकांची ओळख करून घेऊ दे. मग बघू कोण आजारी आहे ते."

त्यांचा आणखी एक नियम होता. आधी पाणी, मग प्रश्न. ज्या घरी जाऊ तिथं आधी पाणी मागून प्यायचं. सगळ्यांनी. एकदा एका गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीत गेलो. नवा लागलेला एक समुपदेशक सोबत होता. बाईनं तांब्या पुढे केला, तर तो म्हणाला, "मला तहान नाही." सर म्हणाले, "असं का? मग तहान लागेपर्यंत थांबू." आणि बसले ना खाली! चैतातलं ऊन, अंगणात सावली वीतभर. सर फुटाणे खातायत, घरच्या म्हाताऱ्याशी कपाशीच्या गप्पा मारतायत. प्रश्नावलीचं नाव नाही. दुपार कलली तेव्हा त्या नव्या समुपदेशकानं खालमानेनं तांब्या मागितला. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी बौद्ध घरातली आहे. ती "तहान नाही" मी लहानपणापासून ओळखते. शाळेत ओळखलेली, मैत्रिणींच्या आयांकडे ओळखलेली. तिच्यासाठी कोणी उन्हात बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या दिवसापासून सरांचा भिकार चहासुद्धा मी कधीमधी गोड मानून प्यायले.

आता त्या पाहुणीबद्दल सांगते. नाव सांगणार नाही, सरांची शिकवण आहे. मानोऱ्याच्या बाजूला बंजारा तांडे पुष्कळ. त्यातल्याच एका तांड्यावरची ती, नववीतली. तांडा म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी भलतंच येतं. याच तांड्यातले मास्तर आहेत, एक पोरगा फौजदार आहे. पण ज्यांच्याकडे कोरडवाहू तुकडाच आहे, ती घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पाहुणीचं घर त्यातलं.

तिच्या शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. "मॅडम, एक पोरगी रोज मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसून रडते. साधं नाही रडत, चालीवर रडते. बाकी पोरी भेतात. कोणी म्हनते बाहेरचं लागलं. तुमी घेऊन जा बाप्पा तिले, कायचा दवाखाना असन तेथं."

आम्ही गेलो. लिंबाखाली पाहुणी बसलेली, डोक्यावर ओढणी, आणि खरंच लांब सुरात हेल काढून रडत होती. आम्हाला पाहून थांबली, डोळे पुसले आणि नीट बसली. विचारलं तर म्हणे काही नाही. मी बाईसाहेब काढल्या, प्रश्न विचारले. रोज रडते का, हो. कारण सांगता येतं का, नाही. गुण मोजले, नैराश्य निघालं, तेही जोरदार. औषधापर्यंतची गोष्ट.

सर म्हणाले, "आधी पाणी."

म्हणून तांड्यावर गेलो. घरी आजी होती. डोळ्यांनी तिला जवळजवळ दिसत नव्हतं, कान मात्र तिखट. पाणी प्यायलो. सरांनी विचारलं, "आजी, नात रडते का घरी?"

"रडते ना. म्याच शिकवून राह्यली."

मी चाटच पडले. आजी हसायला लागली. मग तिनं समजावून सांगितलं. बंजारा नवरी सासरी निघते तेव्हा नुसती रडत नाही, सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि त्याला काय सांगायचं ते रडता रडता गाऊन सांगायचं. याडीला, म्हणजे आईला, वेगळं, बापाला वेगळं, भावाला वेगळं. ते आपोआप येत नाही, मोठ्या बायांकडून शिकावं लागतं. "जिले ढावलो येत नाई तिले बाया हासतात," आजी म्हणाली. "म्हनतात, मायनं काई शिकवलंच नाई."

मग काय विचारता! सर टाळ्या पिटायला लागले. परतीच्या वाटेवर गाडीत गप्पच बसवेना त्यांना. "इंझोरी, बघितलंस? मुलगी गाणं शिकते आहे आणि आपण तिला गोळ्या देणार होतो!" पुढच्या बैठकीत वाशिमला ते तासभर यावरच बोलले. मुंबई-पुण्याची माणसं आली होती, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या रीतीला आजार म्हणू नये, याचं इतकं सोन्यासारखं उदाहरण कुठं मिळायला? सगळ्यांनी आमची पाठ थोपटली. पाहुणीचं प्रकरण मिटलं. हेडमास्तरांनाही मी कळवलं की काळजी करू नका, त्यांच्यात असते.

इथं दुसरा कोणी असता तर विषय संपला असता. पण सर पडले सर. त्यांनी ठरवलं की आपण ढावलो शिकायचा.

"कोणासाठी?" मी संधी साधून विचारलं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला रडताच येत नाही. बघू, शिकवलं तर येतं का."

मानोऱ्याकडे फेरी असली की शाळा सुटायच्या वेळी गाडी तांड्याकडे वळायची. सर अंगणात धपकन बसायचे आणि पाहुणी त्यांना शिकवायची. अहो, काय तो आवाज! सूर म्हणून नव्हताच. पाहुणी वर जायची तेव्हा हे खाली, ती थांबली की हे सुरू. पोरं कुंपणावर चढून बघायची, बाया पदराचे बोळे तोंडात कोंबून हसायच्या. तांड्यावर त्यांचं नावच पडलं, "रडका डाक्टर". गाडीतही सराव चालायचा. मालेगाव बिचारा काच खाली करून डोकं बाहेर काढायचा. मला म्हणाला, "ताई, सरानं माह्या गाडीत नवरी बसवली हो."

आणि पाहुणी हसायला लागली होती. "नाई सर, असं नाई. याडीच्या गयात पडल्यावर पहिले श्वास घ्या लागते. तुमी तं धावतच सुटता."

आईचा झाला, भावाचा झाला. मग एकदा सर म्हणाले, "आता तो शिकव, लिंबाखाली म्हणतेस तो."

ती जरा घुटमळली. मग तिनं म्हटला. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीतला, आम्हाला अर्धामुर्धा कळणारा. सरांनी ओळ ओळ म्हणून घेतली आणि अर्थ विचारला. तिनं खाली बघत मराठीत सांगितलं.

घंटे, तू वाजत राह्य, मी नसली तरी वाज. हापशे, तुझं पाणी गोड होतं. बाकावर आता दुसरी बसन, बाका, तिले टोचू नको, तुझा खिळा मी दगडानं ठोकून ठेवला. विज्ञानाच्या मॅडम, तुमचं भिंग मी पुसून ठेवलं, त्यातून मुंगी केवढी मोठी दिसे.

"वा!" सर म्हणाले. "हे शाळेचं कोणी रचलं?"

"ज्याचं त्यानंच रचा लागते," आजी दारातून म्हणाली. "जे सोडून जायाचं हाय त्याले सांगा लागते ना."

सरांनी तेही दोनतीनदा म्हणून पाहिलं, बाया हसल्या, आम्ही त्यांना उचललं, गाडीत बसलो. दिवस मावळायला आला होता. रस्त्यानं तुरीची शेतं, सर आज गात नव्हते. मला वाटलं दमले. मानोऱ्याचा फाटा आला तेव्हा एकदम म्हणाले, "मालेगाव, गाडी फिरव."

"काहून सर? काई राह्यलं काय?"

"हो. विचारायचं राहिलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इंझोरी, मी विचारलंच नाही गं. कोणासाठी शिकते आहे ते."

चहापासून अभ्यासापर्यंत दुनियेला हा प्रश्न विचारणारा माणूस, तो एवढ्या एका जागी विचारायला विसरला. कारण उत्तर सापडल्याच्या आनंदातच आम्ही सगळे होतो. आधी आम्ही रीतीला आजार म्हटलं. मग रीत सापडली तर इतके हरखलो की रीतीच्या आत एक रडणारी पोरगी आहे हे कोणी पाहिलंच नाही.

परत गेलो तेव्हा आई शेतातून आली होती, चूल पेटवत होती. सर दारातच उभे राहिले, बसले नाहीत. त्यांनी आजीलाच विचारलं, "आजी, ढावलो कोणाच्या लग्नासाठी चालला आहे?"

चुलीतलं लाकूड सरकवत आई म्हणाली, "तिच्याच."

दिवाळी झाली की चार लोकांत उरकायचं ठरलं होतं. मुलगा नात्यातलाच. पाहुणी भिंतीला टेकून उभी होती. वर बघत नव्हती.

मी तापट आहे. मला राहवलं नाही. "अवो, नववीत हाय ते! गुन्हा हाय हा, मालूम हाय का तुमाले?"

आई उठली. रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "मालूम हाय ताई. मी का वैरीन हाव तिची? आमी दोघं तोडीवर जाऊ. सासूले दिसत नाई. बरोबर नेली तं शाळा गेली, अन् फडावर पाचटाच्या कोपीत वयात आलेली पोरगी कशी संभाळू? येथं ठेवली तं दार कोन लावन रातच्याले? तुमी मोठे डाक्टर हा ना सर. सांगा, पोरगी कोठी ठेवू?"

सर म्हणाले, "आत्ता मला माहीत नाही." मग म्हणाले, "दोन गोष्टी सांगतो. ग्रामसेवकांना मी हे कळवणार आहे. ते माझं काम आहे आणि तुमच्यापासून चोरून मी करणार नाही. आणि दुसरं, पोरगी कुठं ठेवायची ते आपण मिळून शोधू. ते मिळेपर्यंत मी इथं येत राहीन."

गाडीत बसताना पाहुणी धावत मागे आली. सरांनी काच खाली केली. ते म्हणाले, "तुझा शाळेचा ढावलो मी तांड्यासमोर म्हटला तर चालेल? तू नको म्हणालीस तर नाही म्हणणार."

तिनं खूप विचार केला. "म्हना. पन चुकू नका."

तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक. पुढच्या रविवारी त्याच्या अंगणात माणसं जमली. ग्रामसेवक आले होते, ते खुर्चीवर अवघडून बसले. त्यांनी कायदा सांगितला. एक जण म्हणाला, "कायदा येते अन् जाते, सर. पोरगी तं आमालेच संभाळा लागते." त्यात खोटं काही नव्हतं. कोणी तंबाखू मळायला लागला, कोणी उठायच्या बेतात. मी मनात म्हटलं, गेलं हे.

तेव्हा सरांनी खांद्यावरचं उपरणं डोक्यावर ओढलं. खरंच सांगते, नवरीसारखं! आणि त्या पहाडासारख्या माणसानं ढावलो सुरू केला.

बाया फुटल्याच. हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नायक मिशीत हसायला लागला. ग्रामसेवकांनी तोंडावर रुमाल धरला. सर थांबले नाहीत. घामानं भिजले होते, सूर कुठल्या कुठे चालला होता, पण शब्द एकही चुकला नाही. घंटेला सांगून झालं. हापशीला सांगून झालं. आणि बाकाच्या खिळ्यापर्यंत आले तेव्हा कोणीच हसत नव्हतं. तिथल्या प्रत्येक बाईनं कधीतरी ढावलो म्हटला होता. आपण काय काय सोडून आलो ते तिला माहीत होतं. पण शाळेचा ढावलो त्यांच्यापैकी कोणीच म्हटला नव्हता, कारण शाळा सोडून जायला आधी शाळेत जावं लागतं. भिंगातल्या मुंगीची ओळ आली आणि पाहुणीची आई बसल्या जागी रडायला लागली. ती सुरात रडली नाही. आपण कुठंही रडतो तशी रडली.

सर थांबले. उपरणं काढून घाम पुसला. "हे माझं नाही," म्हणाले. "मी फक्त बेसूर म्हटलं."

मग नायकाची सून उठली. बी.ए. झालेली, तांड्यातल्या अंगणवाडीत शिकवायची. सासऱ्याकडे बघून म्हणाली, "मामाजी, पोरगी अन् आजी दोघीबी आपल्या घरी राहतीन. मी दार लावीन." नायकानं मान हलवली. सून आईजवळ गेली आणि तिचा हात धरून बसली. झालं ते एवढंच. आम्ही बाहेरून आलेल्यांनी काहीच केलं नव्हतं. उत्तर त्याच अंगणात होतं, फक्त प्रश्न त्यांच्या कानावर नीट पडला नव्हता.

मुलाकडचे रुसले. काही महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं, आईला त्याचा त्रासही झाला. पण दिवाळीनंतर तिचे आईबाप तोडीला गेले तेव्हा पाहुणी शाळेत गेली, आणि मी मुद्दाम वाट वाकडी करून तिचा बाक बघून आले. खिळा चांगला आत ठोकलेला होता.

सर पुढच्या बैठकीत पहिलं वाक्य बोलले ते असं, "मागच्या वेळी मी तासभर जे बोललो ते अर्धं चूक होतं." पुन्हा तासभर त्या चुकीवर बोलले. या वेळी माना कमी डोलल्या. नायकाच्या सुनेला त्यांनी आमच्यात घेतलं. म्हणाले, "आपल्यात तांड्यावरचं कोणीच नव्हतं, ही माझी पहिली चूक. बाकीच्या तिच्याच पोटच्या." आणि बाईसाहेबांमध्ये "मूल वारंवार रडतं का?" या प्रश्नाखाली एक रिकामी ओळ घातली, "कोणासाठी?" वरून विचारणा आली की या ओळीचे गुण कसे मोजायचे. सरांनी कळवलं, "मोजू नका. वाचा." आश्चर्य म्हणजे ती ओळ राहिली. आज जिल्ह्यात मी जिथं जिथं जाते तिथं ती ओळ माझ्यासोबत असते, आणि खरं सांगू, आम्हाला काम मिळतं ते त्याच ओळीत.

संशोधन संपलं तशी सरांची जायची वेळ आली. गेल्या वर्षीची गोष्ट. पुण्याची गाडी दाराशी उभी, सामान म्हणजे एक ट्रंक आणि फुटाण्याची पिशवी. हार-तुरे त्यांनी आधीच मना केले होते. मी ठरवलं होतं की रडायचं नाही, आणि सकाळपासून ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते.

तेवढ्यात पाहुणी आली. बारावी होऊन वाशिमलाच नर्सिंगला लागली होती. सोबत नायकाची सून, आणि तिच्या हाताला धरून आजी. सर म्हणाले, "अरे, पाहुण्या आल्या! इंझोरी, चहा." मी सवयीनं म्हटलं, "कोणासाठी?" सर हसायला लागले.

पाहुणीनं काही ऐकलं नाही. अंगावर कॉलेजचा ड्रेस होता, ओढणी डोक्यावर घेतली, सरळ पुढे आली आणि सरांच्या गळ्यात पडली. एक श्वास घेतला आणि ढावलो सुरू केला. भर रस्त्यावर, सकाळी, दुकानं उघडत होती तेव्हा. नायकाची सून माझ्या कानात अर्थ सांगत होती. गुडघ्यांनो, आता तुमाले कोन उचलन? खिशा, तू रिकामा होऊ नको. आमच्या घरचं पानी पिऊन चालले, त्या पान्याची आठवन ठेवजा.

नवरी सोडून दुसऱ्या कोणाला कोणी ढावलो म्हणतं का, मी आजीला विचारलं. "जाते त्यानं रडाचं असते," आजी म्हणाली. "पन याले येत नाई ना. म्हनून पोरगी त्याच्या वाटचं रडून राह्यली."

सर ताठ उभे होते. दोन्ही हात हवेत, काय करावं ते न सुचून. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि श्वास घेतला, तिनं शिकवला होता तसा. आणि सुरू झाले. इंझोरीला सांगितलं, मालेगावला सांगितलं, पालीला सांगितलं, स्टोव्हला सांगितलं. मालेगाव गाडीमागं जाऊन उभा राहिला. माझं तर काही खरंच नव्हतं.

डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं त्यांच्या. सूर मात्र तेव्हाही लागला नाही.